आधी त्रास, मग फायदा

"आधी त्रास सांगते. फायदा काय, तो डॉक्टर सांगतातच. त्यांना हौस हाय."

एवढं म्हणून ती समोरच्याचा डावा हात हातात घ्यायची. नाडी बघायला नव्हे, बोटं मिटायला. अंगठा मिटायची: "टोचलेली जागा दुखंल." पहिलं बोट: "अंग मोडून येईल." मधलं: "एखाद दिवस बारीक ताप." चौथं मिटताना जरा थांबायची. "क्वचित कुणाच्या अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. म्हणून टोचल्यावर अर्धा तास हितून हलायचं नाय." करंगळी तशीच उभी राहायची. माणूस त्या करंगळीकडे बघत बसे आणि शेवटी विचारीच, "हिचं काय?"

"ते मला ठाऊक नसलेलं. ते पण सांगायला नको?"

मग उजवा हात. त्याची बोटं फायद्याची. त्याही हाताची करंगळी ती उभी ठेवायची, कारण पक्की खात्री कशाचीच नाही. शेवटी त्या माणसाला स्वतःच्याच दोन अर्ध्या मुठी समोर धरून बसवायची आणि म्हणायची, "जड कुठची, ते तू बघ. मी तोवर सुई भरते."

नव्वदच्या दशकात पेणमध्ये कधी दंडाला सुई टोचून घेतली असेल, तर तुम्हीही त्या दोन मुठी धरून बसला असाल. दवाखान्यात तिला सिस्टर म्हणत, गावात बाय. मीही बायच म्हणायचे. तिचं नाव लिहीत नाही. छापलं तर पेण-रोह्यातली निम्मी माणसं नातं सांगत येतील.

तिच्या या सवयीने दवाखान्यात रोज काहीतरी घडायचं. एकदा एक हवालदार धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आला होता. दोन बोटं मिटेपर्यंत बसला, तिसऱ्या बोटाला उठला आणि वर केलेल्या बाहीसकट रस्त्यावर गेला. टोपी टेबलावरच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी न्यायला त्याने बायकोला पाठवलं. बायने टोपी दिली नाही. "डोकं घेऊन या म्हणावं. डोक्याशिवाय टोपी देत नाय." तासाभरात आला बिचारा, मुकाट बसला आणि पाचही बोटं ऐकून घेतली.

डॉक्टर वैतागायचे. "सिस्टर, तुम्ही नर्स आहात की विरोधी पक्ष?"

"तुम्ही सरकार हाय म्हणून मला व्हावं लागतं."

आम्ही दोघी रोह्याजवळ वरशाला राहायचो, तीन घरं सोडून. शेजारची मंडळी सोयरिकीलाही तिचं मत घ्यायची. एका मुलीसाठी कंपनीतल्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा बायने त्या मुलीचाच हात धरला. "आधी त्रास सांगते. मुलगा शिफ्टवाला. दिवसा झोपणार, दिवसा घोरणार. सासू तापट. नणंद चोंबडी. चौथं, घरात नळ नाय. आणि करंगळी: हुंडा नको म्हणतायत, खरं काय ते मला ठाऊक नाय." लग्न झालं. वर्षभराने ती मुलगी माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बरं झालं बाय. सगळे त्रास ओळखीचे निघाले. परक्या घरी गेल्यासारखं वाटलंच नाय."

आता थोडं माझ्याबद्दल, कारण गोष्टीत माझी चूक आहे. मी तेव्हा चोवीस-पंचवीसची होते आणि पेणच्या एका छापखान्यात मजकूर लिहून द्यायचे. वडील मिठागरातल्या कामगारांची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात डाळीचा डबासुद्धा पत्रकाने झाकलेला असायचा. त्यामुळे माझी प्रत्येक ओळ मूठ आवळूनच कागदावर उतरायची. सकाळच्या पॅसेंजरने रोह्याहून पेणला जाताना बाय माझं ताजं लिखाण वाचायची. उद्गारचिन्हांना ती सुया म्हणायची.

"आज नऊ सुया हायत," ती म्हणायची. "एका माणसाला एक टोचायची असते गो."

त्या जूनच्या सुरुवातीला मी जे पत्रक घेऊन गाडीत चढले होते, ते पेणजवळच्या जोह्यातल्या एका गणपती कारखानदाराने लिहायला सांगितलं होतं. त्याला सगळे शेठ म्हणत. आदल्या पावसाळ्यात त्याच्या कारखान्यात तापाची साथ शिरली होती. साचेवाले झोपले, रंगवाले झोपले, ते एक वेळ चाललं. पण जनादादा झोपला.

जनादादा डोळे आखायचा. मूर्तीचं बाकी सगळं कुणीही करेल. डोळे एकाच हाताचे लागतात. साठीचा माणूस, वर्षानुवर्षांच्या प्लास्टरच्या पिठीने छातीत दमा बसलेला. तापात तो तीन आठवडे उठला नाही. शेठने मग भाच्याच्या हातात ब्रश दिला. त्या मूर्ती मुंबईला गेल्या आणि एका मंडळाकडून निरोप आला, की आमचा बाप्पा आरतीच्या वेळी भक्तांना सोडून लाइटवाल्याकडे बघतोय. शेठची लाज गेली. त्याने चारचौघांत सांगून टाकलं, "ह्या साली दादा झोपले, तर डोळे मी कायमचे दुसऱ्याला देणार." तेव्हापासून कुणी शिंकलं तरी जनादादा मान वळवून बघायचा.

उपाय डॉक्टरांनी सुचवला: फ्लूची लस. तेव्हा आपल्याकडे ही लस बहुतेकांनी ऐकलेलीसुद्धा नव्हती. डॉक्टरांच्या ओळखीने मुंबईहून परदेशी कुप्यांची एक पेटी बर्फात घालून येणार होती. शेठला कारखान्यातल्या सगळ्यांना टोचून घ्यायचं होतं. माझं पत्रक त्यांना तयार करण्यासाठी होतं.

निडी स्टेशन जाईपर्यंत बायने ते वाचून संपवलं.

"हे 'संपूर्ण संरक्षण' कुठून आणलंस?"

"डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टर 'चांगलं संरक्षण' म्हणाले. मी तिथंच होते. 'संपूर्ण' तुझं. ही लस घेऊन पण कुणाकुणाला ताप येतो, हलका येतो. साधं पडसं तर थांबतच नाय. आणि त्रास कुठं हाय?"

"बाय, त्रास छापला तर हात कोण पुढे करेल?"

तिने कागदाची घडी घातली. "तुझा बाप मिठागरवाल्यांना काय लिहून द्यायचा? संप केला की मजुरी बुडेल, चूल बंद पडेल, हे लिहायचा का नाय?"

"लिहायचे. पहिल्याच ओळीत."

"तरी माणसं यायची?"

मी खिडकीबाहेर बघू लागले.

"यायची ना? त्यांना फसवून नेलं नव्हतं म्हणून यायची. हे घे. नऊच्या नऊ सुया काढ."

नागोठणं ते पेण मी तो कागद पुन्हा लिहिला. एका बाजूला त्रास, एका बाजूला फायदा. संध्याकाळी शेठने तो वाचला आणि जळता निखारा हातात आल्यासारखा परत दिला. "हे पत्रक हाय की धमकी? मला नको." मी भांडायला उभी राहिले. बायने माझा दंड धरला. "कागद ऱ्हाऊ दे. तोंड हाय माझं."

दोन दिवसांनी पेटी आली. डॉक्टर, बाय आणि मी जोह्याला गेलो. मी कशाला, असं विचाराल तर बायने मला नावं लिहून घ्यायला नेलं होतं. कारखाना म्हणजे भाताच्या शेताकडेला पत्र्याची लांबलचक शेड. आत रांगांनी पांढरे, पिवळे, गुलाबी गणपती, बहुतेक अजून बिनडोळ्यांचे. दाराजवळ उजेडाला पाटावर जनादादा बसलेला, उजव्या हाताला डाव्या मनगटाचा आधार देऊन ब्रश चालवणारा. डॉक्टरांनी उभ्या उभ्या पाच मिनिटं फायदा सांगितला, तोही सुंदर सांगितला, आणि दवाखान्यात पेशंट खोळंबलेत म्हणून ते निघून गेले. बाह्या वर झाल्या. रांग लागली. रांगेत पहिला जनादादा, कारण बाकीच्यांनी आधीच ठरवलं होतं, दादा घेतील तर आम्ही.

बायने त्याला पाटावरच बसू दिलं आणि विचारायला सुरुवात केली. दमा कधीपासून, आज ताप आहे का, कुठली गोळी चालू आहे. मग म्हणाली, "दादा, अंडं खाऊन कधी अंगावर गांधी उठल्या होत्या?"

"अंडं? बावीस वर्षं खाल्लं नाय मी. मासळी पण नाय."

हे मला ठाऊक होतं. ज्या म्हाताऱ्याकडून त्याच्या हातात डोळ्यांचा ब्रश आला, त्याने तेवढी एकच अट घातली होती. खाडीकाठच्या माणसाने मासळी सोडणं म्हणजे काय, ते तुम्ही इकडचे असाल तर सांगायला नको.

"त्याच्या आधी खायचास?"

"सहा-सहा खायचो."

"मग काय व्हायचं?"

"बायको शिव्या द्यायची. दुसरं काय नाय."

रांग हसली. बाय पण हसली. मी "अंडं सोसतं" असं लिहून घेतलं. आता कापूस, स्पिरिट आणि सुई, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात जनादादा म्हणाला, "पण अंड्याचं कशाला इचारलंस गो बाय?"

तिच्या मागे उभ्या असलेल्या शेठने जोरजोरात मान हलवली, नको नको अशी. त्याला कारण ठाऊक नव्हतं, पण धोक्याचा वास आला होता. मी तिच्या जागी असते तर "असंच, नियम आहे" म्हटलं असतं. जन्मभर खऱ्याची पत्रकं वाचलेली मी, पण मी तसंच म्हटलं असतं.

बायने सुई पेटीत परत ठेवली. "ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात दादा. मग साफ करतात, तरी कणभर अंश ऱ्हातो. ज्याला अंडं सोसत नाय त्याला त्रास होतो, म्हणून इचारलं."

जनादादाने ब्रश पाण्याच्या वाटीत ठेवला, पंच्याला हात पुसले. "मग मला नको," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. मागच्या रांगेत एकेक बाही खाली आली.

"सिस्टर!" शेठ ओरडला. "तुम्हाला कुणी इचारलं होतं काय?"

"व्हय. त्यांनी इचारलं."

"म्हणून सांगायलाच पायजे?"

"शेठ, सुई त्यांच्या दंडात जाणार हाय. तुमच्या जात असती तर तुम्हाला सांगितलं असतं."

एक तरुण रंगवाला मदतीला धावला. "दादा, म्हाताऱ्याने तोंडात नको म्हटलं होतं. ही दंडात जाते."

"देवाशी वकिली करायची नाय," जनादादा म्हणाला.

आणि मग माझी चूक. कोपऱ्यात स्टोव्हवर सरस वितळत होता, रंगात घालायचा. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात, हे मला माहीत होतं आणि जनादादाला बहुतेक नव्हतं. एवढा टोकदार मुद्दा हाताशी आला की माझे हात शिवशिवतात. याच सरसाच्या रंगाने बावीस वर्षं डोळे आखतोस, मग एका कणाचं सोवळं कसलं? मी म्हणाले, "दादा, तो सरस..." आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर बायची चप्पल आली. बाई वजनदार होती. पुढचं वाक्य माझ्या डोळ्यांतल्या पाण्यातच राहिलं.

"सरस उतू जातोय," बाय म्हणाली. "कुणीतरी स्टोव्ह बारीक करा गो."

मग ती जनादादाच्या शेजारी जमिनीवर बसली. पेटी बंद केली. त्याचे दोन्ही हात मांडीवर घेतले, रंगाने भरलेले, नखांत निळं बसलेले.

"तू नको म्हणालास, ते मी ऐकलं. फक्त मोजून नको म्हण. डाव्या हातात त्रास. दंड दुखेल, अंग दुखेल, ताप येईल, दोन दिवसांत उतरेल. गांधी-श्वासाचं औषध माझ्या पिशवीत हाय. उजव्या हातात फायदा. ताप यायची भीती कमी. आला तर हलका. तुझ्या छातीत आधीच पिठी बसलीय, त्यात तो ताप उतरायची भीती कमी. गेल्या साली तू उठलास. ह्या साली झोपलास तर उठशील का, मला सांगता नाय येणार."

"आणि अंडं?" जनादादाने विचारलं. "ते कुठल्या हातात?"

"ते तू सांग. मला त्याचं वजन करता येत नाय. ते तुझ्याच्यानेच होईल."

तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. शेठ घड्याळाकडे बघत राहिला. बर्फ वितळत होता आणि बायला त्याची घाई मुळीच दिसत नव्हती.

"आत गेलेलं किती दिवस ऱ्हातं?" जनादादा म्हणाला.

"तो कण किती दिवस ऱ्हातो, ते मला ठाऊक नाय. खोटं कशाला बोलू? त्रास दोन दिवस ऱ्हातो."

"मग दोन दिवस ब्रश बंद," तो म्हणाला. प्रत्येक शब्द जागेवर बसवल्यासारखा. "घरात मयत झालं तर सुतक धरतोच. हे तर अंडं हाय. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून, म्हाताऱ्याच्या फोटोला सांगून बसंन. त्याने हात उचलू दिला तर डोळे माझे. नाय तर शेठ, तुम्ही भाच्याला बोलवा."

आणि त्याने डावी बाही वर केली.

मला वाटलं, संपलं. खरी गंमत पुढेच होती. जनादादाला टोचून झालं आणि रंगवाली हिराबाय पुढे आली. "शेठ, दादा दोन दिवस धरणार, मग आम्ही पण धरणार. आमचा पण हात देवालाच लागतो."

"तुझा?" शेठ किंचाळला. "काल तुझ्या डब्यात बोंबील होते!"

"बोंबील पोटात जातात शेठ. ही सुई रगतात जाते."

"अगो, पण बोंबील खाऊन तू देवाला रंग लावलास ना?"

"हात धुऊन लावला. रगत कसं धुवू?"

साचेवाल्यांनाही हा विचार एकदम पटला. पत्र्याखाली इतकी भक्ती मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिली नाही. बोंबील, सुकट, परवाच्या हळदीचं मटण, सगळं पचवलेली माणसं एका कणासाठी दोन दिवस देवापासून लांब राहायला व्याकूळ झाली होती. शेठने बायकडे धाव घेतली. "सिस्टर, तुम्ही तरी सांगा यांना. सीझनमधी दोन दिवस कारखाना बंद?"

"मला काय इचारता? मी नर्स." ती कापसावर स्पिरिट ओतत होती. "दोन दिवस हात दुखणार नि अंग मोडून येणार, एवढं मात्र मी आधीच सांगितलं होतं. तुम्हीच नको म्हणालात छापायला. गेल्या साली तापाने किती दिवस बंद होता?"

रांग पुन्हा लागली. तिघांनी तरीही घेतली नाही. बायने त्यांना काही विचारलं नाही. बाकीचे अर्धा तास बसले होते, त्यांच्यात या तिघांनाही चहा मिळाला.

परतीच्या एसटीत माझा अंगठा ठणकत होता. "सरसाचं मी बोलले असते तर दादा निरुत्तर झाले असते," मी म्हणाले.

"झाला असता. मग?"

"मग घेतली असती लस."

"लस घेतली असती नि ब्रश टाकला असता. बावीस वर्षांचे डोळे बाटले म्हणून रडत बसला असता. हरलेला माणूस हात पुढे करतो गो, पण मनात शिव्या घालतो. सुईला, तुला, मला. मला हरलेला पेशंट नको." तिने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "अंगठ्याला शेक घे. हा त्रास तुला आधी सांगितला नाय, वेळ नव्हता."

दोन्ही संध्याकाळी ती छत्री घेऊन जोह्यात घरोघर हिंडली. कुणाचा दंड सुजला, कुणाला ताप, सगळं वहीत उतरवलं. हिराबायला उजवा हात वापरता यावा म्हणून डाव्यात टोचलं होतं, तरी तिने दोन्ही हात उचलत नाहीत असं नवऱ्याला सांगितलं होतं. तिच्या घरी आम्ही गेलो तेव्हा नवरा भात करत होता. "बाय," ती अंथरुणातून म्हणाली, "ह्याच्या हातचा भात, हा त्रास तू मोजला नव्हतास." बायने तेही वहीत लिहिलं.

जुलैत साथ आलीच. लस घेतलेल्यांपैकी दोघांना ताप आला, तीन-चार दिवसांत उतरला. बायने मला निक्षून सांगितलं, "हे पण लिही. दोघांना तरी आला." जनादादाला आला नाही. त्या वर्षीचे सगळे डोळे त्याच्याच हातचे गेले. शेठ उत्साहाने छापखान्यात आला, "आमच्या कारखान्याला लसीने वाचवलं, असं मोठ्या अक्षरांत टाका." बायने त्याला थांबवलं. "लसीने, का देवाने, का नशिबाने, एका दादावरून मला सांगता येत नाय. माझ्या मनाला वाटतं लसीने. पण वाटतं ते छापायचं नाय." शेवटी माझं दुसरं पत्रक छापलं गेलं, दोन्ही बाजूंचं. एकही सुई नसलेलं माझं पहिलं पत्रक.

दोन पावसाळ्यांनंतर ती निवृत्त झाली आणि निडीला भावाकडे राहायला गेली. त्यानंतर वर्षभरात ती वारल्याची बातमी मला त्याच पॅसेंजरमध्ये कळली, कुणीतरी सहज सांगितली. दवाखान्यात आता दुसरी नर्स आहे. चांगली आहे. "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं," म्हणते आणि टोचते. लोकांना ते आवडतं. मला 'काही होत नाही' हे शब्द ऐकले की अंगावर काटा येतो. कंपन्या आल्यापासून नदीच्या पाण्याला वास का येतो, असं विचारलं तरी आम्हाला हेच उत्तर मिळत आलंय. समोरच्याला खरं सोसणार नाही, असं ठरवणारे आपण कोण?

असो. मला सांगायची होती ती टोचल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची सकाळ.

पाऊस लागलेला होता. जनादादा आंघोळ करून, ओल्या केसांनी पाटावर बसला. पुढ्यात दाराकडे तोंड केलेली एक मोठी मूर्ती. सगळा कारखाना हजर होता, शेठसुद्धा, आणि त्याच्या मागे खांबाला टेकून भाचा. उजवा हात ठीक होता, पण त्याला आधार डाव्या मनगटाचा, आणि टोचलं होतं डाव्यात. जनादादाने डावा हात उचलला, खांद्यातून एकदा फिरवला, कळ आल्यासारखं तोंड केलं.

बाय दाराबाहेर पन्हळीखाली उभी होती. निम्मी भिजत होती.

"आत ये गो बाय," तो म्हणाला.

"नाय. सकाळी अंड्याचा पोळा खाऊन आलेय. हितनंच बघते."

तो हसला नाही. त्याने मान हलवली, जणू हे बरोबरच होतं. मनगटावर मनगट ठेवलं आणि श्वास धरला. बाकीच्यांनीही धरला. ब्रश टेकला, वर गेला, वळला, खाली आला. एक डोळा. मग तेवढाच वेळ, तेवढीच रेघ, दुसरा. शेठने नाकासमोर बोट धरून दोन्ही बुबुळं ताडून पाहिली आणि भाच्याला म्हणाला, "जा, साचे धुवायला घे."

जनादादाने मूर्तीखालचा पाट अंगुळभर सरकवला, बायला नीट दिसावं म्हणून. ती वाकून बघत होती. दोन्ही डोळे सरळ तिच्यावरच आले.

"अगो बाय," ती दचकून म्हणाली, "माझ्याकडे नको बघूस रे बाबा, पोळा खाल्लाय," आणि पटकन दारातून बाजूला झाली.

जनादादा इतका हसला की त्याला खोकला आला. दारात आता फक्त पाऊस होता, आणि गणपती त्या रिकाम्या दाराकडे दोन्ही डोळ्यांनी सरळ बघत होता.